आजारी भावंडाला वाचवण्यासाठी दुसरं मूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॅलेसेमियासारख्या आजारात एक दिवस डॉक्टर आईवडिलांना सांगतात, "सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळला तर मूल बरं होऊ शकतं." बोन मॅरो म्हणजे हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मगज. घरात दुसरं मूल नसतं, किंवा असतं पण त्याचं मॅचिंग होत नाही. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "अजून एक होऊ द्या की." या एका वाक्यातून जे प्रश्न निघतात ते खाली घेतले आहेत. उत्तरांमध्ये माहिती आहे तशी माझी मतंही आहेत. मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

'सेव्हियर सिबलिंग' म्हणजे नेमकं कोण?

आजारी भावाला किंवा बहिणीला रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, देता याव्यात म्हणून भ्रूण असतानाच ज्याची निवड झाली ते मूल. आयव्हीएफने प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतात. साधारण पाचव्या दिवशी प्रत्येक भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून काही पेशी काढून दोन गोष्टी तपासतात : या भ्रूणात तोच आजार आहे का, आणि त्याचा एचएलए प्रकार, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा, आजारी मुलाशी जुळतो का. दोन्ही कसोट्यांना उतरलेलं भ्रूण गर्भाशयात सोडतात. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त साठवून ठेवतात. ते पुरलं नाही तर पुढे बाळाच्या बोन मॅरोचा विचार होतो.

'सेव्हियर' हा शब्द मला आवडत नाही. त्यात बाळाला नाव मिळायच्या आधी काम मिळतं. म्हणून या पानावर मी आजारी मुलाला 'थोरलं' आणि नंतर येणाऱ्याला 'धाकटं' म्हणणार आहे.

कोणत्या आजारांत याचा विचार होतो?

रक्त किंवा प्रतिकारशक्ती तयार करणारा कारखानाच जिथे जन्मतः बिघडलेला आहे अशा आजारांत : थॅलेसेमिया मेजर, सिकल सेल, फॅन्कोनी अॅनिमिया, डायमंड-ब्लॅकफॅन अॅनिमिया आणि प्रतिकारशक्तीचे काही आनुवंशिक आजार. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह हृदयात आणि यकृतात साठत जातं, ते काढायला रोज औषध घ्यावं लागतं. मूल तसं हसतं, खेळतं, शाळेत जातं. म्हणून बाहेरच्यांना आईवडिलांची घाई कळत नाही. पण अवयव लोहाने खराब होण्याआधी, लहान वयात प्रत्यारोपण झालं तर निकाल कितीतरी चांगले लागतात.

ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुतेक वेळा एवढी वाट पाहायला सवडच नसते.

धाकट्याचं मॅचिंग होण्याची शक्यता किती?

एचएलए ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा एक गठ्ठा म्हणून पुढच्या पिढीत उतरतात. एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून कोणत्याही दोन सख्ख्या भावंडांचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. थॅलेसेमियात आईवडील दोघेही वाहक असतात, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक पुढे देऊ शकतात, तेव्हा प्रत्येक गर्भाला हा आजार नसण्याची शक्यता चारात तीन. बीटा थॅलेसेमियाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, त्यामुळे या दोन सोडती स्वतंत्र निघतात. दोन्ही मनासारख्या निघण्याची शक्यता सोळात तीन, म्हणजे पाचात एकापेक्षाही थोडी कमी.

हा आकडा नीतीच्या चर्चेतही लक्षात ठेवायला हवा. दहा भ्रूण तयार झाले तर त्यांतले सरासरी दोनच उपयोगाचे. त्या दोनांतला एखादा रुजेलच याची हमी नाही. तपासणीसह आयव्हीएफच्या दोन-तीन फेऱ्या करूनही काही जोडप्यांच्या हाती काहीच लागत नाही.

हे पहिल्यांदा कधी घडलं?

तंत्रज्ञान यायच्या आधीच घडलं होतं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने ल्युकेमिया झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलीसाठी आणखी एक मूल होऊ दिलं. त्यासाठी वडिलांनी नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. भ्रूण निवडण्याची सोय तेव्हा नव्हती. चारात एक या नशिबावर त्यांनी भरवसा ठेवला, मुलगी झाली आणि मॅचिंग झालं. ती चौदा महिन्यांची असताना तिचा मॅरो घेतला आणि थोरली वाचली. त्या वेळी अमेरिकेत या कुटुंबावर बरीच टीका झाली होती.

त्याआधी, १९८८ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. फॅन्कोनी अॅनिमिया असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं होतं. एरवी वारेबरोबर टाकून दिलं जाणारं हे रक्त जीव वाचवू शकतं हे त्यामुळे कळलं. या विषयातला निम्मा नैतिक पेच तिथेच हलका झाला, कारण नाळ कापल्यानंतर तिच्यातलं रक्त काढताना बाळाला सुई टोचावी लागत नाही.

भ्रूण निवडून जन्मलेलं पहिलं बाळ ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत आलं. त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीला फॅन्कोनी अॅनिमिया होता. महिन्याभरातच त्याच्या नाळेतलं रक्त तिला देण्यात आलं. भारतात असं पहिलं म्हणून नोंदलं गेलेलं बाळ गुजरातमध्ये २०१८ साली जन्मलं आणि २०२० मध्ये त्या मुलीच्या मॅरोने तिच्या भावाची दर काही आठवड्यांनी रक्त चढवण्यातून सुटका झाली.

पण हे मुलाला 'साधन' म्हणून जन्माला घालणं नाही का?

सगळ्यांत जास्त विचारला जातो तो हा प्रश्न, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

आक्षेप घेणारे जर्मन तत्त्वज्ञ कांटचा आधार घेतात. १७८५ मध्ये त्याने मांडलं की माणसाला केवळ साधन म्हणून कधी वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे असं वागवावं. यातला 'केवळ' फार महत्त्वाचा आहे. आपण एकमेकांचा उपयोग सतत करतो. शिक्षक, डॉक्टर, शेजारी सगळे आपल्या कामी येतात. त्यांना कामापुरतंच मोजलं तर चूक होते.

मुलं कोणत्या कारणांनी होतात तेही प्रामाणिकपणे पाहू. एकाला सोबत हवी म्हणून दुसरं. म्हातारपणी आधार हवा म्हणून. घराण्याचं नाव चालावं म्हणून. संसार सावरेल या आशेने. काही तर कुणी न ठरवताच. 'निव्वळ त्याच्या स्वतःसाठी' जन्मलेलं मूल दाखवा म्हटलं तर शोधावं लागेल, कारण जन्माआधी तो 'स्वतः' कुठेच नसतो. या यादीत 'थोरल्याचा जीव वाचावा म्हणून' हे कारण मला तरी सगळ्यांत हलकं वाटत नाही.

पण इतकं म्हणून सुटका होत नाही. इतर कारणं धूसर असतात, हे कारण नेमकं असतं. आधाराची अपेक्षा पुरी झाली की नाही हे कळायला चाळीस वर्षं लागतात, मॅरोची अपेक्षा पुरी झाली की नाही हे दीड-दोन वर्षांत कळतं. नेमक्या अपेक्षेचं ओझंही नेमकं असतं. म्हणून जन्माचं कारण मी एका साध्या प्रश्नावर घासून पाहते. समजा गर्भ सहा महिन्यांचा आहे आणि थोरल्याला बाहेरचा डोनर मिळाला, तो बरा झाला. आता हे बाळ तुम्हाला हवं आहे का? उत्तर 'अर्थात' असेल तर बाळ साध्यही आहे आणि साधनही, आणि यात कांटचा नियम मोडत नाही. उत्तर द्यायला अडखळलात तर थांबा. तुम्ही वाईट आईवडील आहात म्हणून नव्हे. तुम्ही थकलेले आहात आणि दुसरं मूल पेलण्याइतकं बळ या घडीला तुमच्यात नसेल, म्हणून.

"हे झालं नसतं तर तो जन्मलाच नसता, मग त्याचं नुकसान कसलं?" हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे का?

अर्धाच. जन्म देऊन त्याचं नुकसान केलं असं म्हणता येत नाही हे खरं. पण या वाक्यातून लोक पुढे नकळत एक हक्क काढतात : "आम्ही तुला आयुष्य दिलं, तू एवढं तरी कर." आयुष्य ही परतफेडीची उधारी असेल तर ती जगातल्या प्रत्येक मुलावर आहे, एकट्या धाकट्यावर नाही. ज्या घरात हे वाक्य रागाच्या भरात एकदाही उच्चारलं गेलं, तिथे धाकट्याला आपल्या जन्माची किंमत कळली असं समजा.

बाळाला विचारलं कुणी? संमतीचं काय?

जन्माला यायची परवानगी कुणालाच विचारता येत नाही, तेव्हा तो भाग बाजूला ठेवू. संमतीचा खरा प्रश्न मॅरो काढायच्या दिवशी उभा राहतो आणि तिथे एक अडचण आहे. धाकट्याच्या वतीने सही करणारे आईवडील हेच थोरल्याचेही आईवडील असतात. त्यांचं एक मूल मरणाच्या दारात उभं आहे. अशा वेळी दुसऱ्याच्या हिताचा तटस्थपणे विचार करा असं त्यांना सांगणं माणुसकीला धरून नाही. त्यांच्याकडून होणार नाही, आणि न झालं तर दोष त्यांचा नाही.

यावर उपाय आहे. धाकट्यासाठी वेगळा डॉक्टर असावा, आणि थोरल्यावर उपचार करणाऱ्या चमूशी त्याचा संबंध नसावा. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये लहान मुलांच्या स्टेम सेल दानाबद्दल जी भूमिका जाहीर केली तिच्यात असा स्वतंत्र कैवारी असावा असं म्हटलं आहे. सोबत अटीही आहेत : तितकाच योग्य प्रौढ नातेवाईक डोनर उपलब्ध नसावा, दोन मुलांमध्ये खरं, जिव्हाळ्याचं नातं असावं, घेणाऱ्याला फायदा होण्याची काही शक्यता असावी, देणाऱ्याचा धोका शक्य तितका कमी केलेला असावा, आणि मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची तयारीही विचारावी.

जिव्हाळ्याच्या नात्याची अट काहींना उगाचच वाटते. तिचं महत्त्व अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९० मध्ये आलेल्या एका खटल्यातून समजतं. एका वडिलांना आपल्या ल्युकेमिया झालेल्या मुलासाठी, दुसऱ्या स्त्रीपासून झालेल्या साडेतीन वर्षांच्या जुळ्यांची मॅरो तपासणी करून हवी होती. जुळ्यांची आई नाही म्हणाली. न्यायालयाने तपासणीची सक्ती करायला नकार दिला. ती मुलं आजारी भावाला जेमतेम ओळखत होती. तो वाचला तर त्यांचा फायदा काय, हे दाखवता येत नव्हतं. एकाच घरात वाढणाऱ्या भावंडांची गोष्ट निराळी. थोरलं वाचलं तर धाकट्याला भाऊ मिळतो, बहीण मिळते, आणि दुःखाने खचलेले आईबाप मिळत नाहीत. हा फायदा खरा आहे. फक्त तो नात्यातून येतो, म्हणून नातं आधी हवं.

धाकटं सात-आठ वर्षांचं असताना पुन्हा मॅरो लागला आणि ते 'नको' म्हणालं तर?

असं घडू शकतं. पहिलं प्रत्यारोपण टिकत नाही, किंवा आणखी पेशी लागतात. तेव्हा 'नको'मागे काय आहे ते आधी शोधायला हवं. सुईची भीती असेल तर ती समजावून, भूल कशी देतात ते दाखवून बरीच कमी होते. "मला कुणी विचारतच नाही" हा राग असेल तर समजावून उपयोग नाही, विचारायलाच हवं. माझं मत असं की पुन्हा भरून येणाऱ्या मॅरोपुरता, अगदी लहान वयात, एकदा निर्णय घेण्याचा अधिकार आईवडिलांना असावा. मूल वाढेल तसं त्याच्या नकाराचं वजन वाढत गेलं पाहिजे, आणि बारा-तेराव्या वर्षी ठाम नकार आला तर तिथे थांबलं पाहिजे. थोरल्याचा जीव पणाला लागला असेल तरीही. हे लिहिताना मला सोपं गेलेलं नाही. पण ज्याचा नकार कधीच चालत नाही त्याच्या होकारालाही अर्थ उरत नाही.

बाळाला शारीरिक धोका किती?

भ्रूणातून पेशी काढल्याने जन्मणाऱ्या बाळात मोठा दोष आल्याचं दिसलेलं नाही. पण अशा पद्धतीने जन्मलेली सगळ्यांत मोठी माणसंही अजून तरुणच आहेत, तेव्हा आयुष्यभराचा हिशेब मांडायला अवकाश आहे.

नाळेच्या रक्ताबद्दल 'काहीच धोका नाही' असं सरसकट सांगितलं जातं. तिथे मला एक गोष्ट जोडायची आहे. जन्मानंतर नाळ लगेच कापू नये, एक ते तीन मिनिटं थांबावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याचा लोहाचा साठा वाढतो. नाळ लवकर कापली तर मात्र पिशवीत जास्त रक्त जमतं. म्हणजे आयुष्याच्या पहिल्याच मिनिटाला दोन मुलांची हितं एकमेकांसमोर उभी राहतात. प्रसूतिगृहात हा निर्णय कुणीतरी घाईत घेऊन टाकतं. तो आधी बोलून, लिहून ठरवावा. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावं की आधी बाळ आणि आई, मग पिशवी. रक्त कमी मिळालं तर मॅरोचा मार्ग उरतोच.

मॅरो काढताना संपूर्ण भूल देतात आणि कमरेच्या मागच्या हाडातून सुईने तो घेतात. किती घ्यायचा ते देणाऱ्याच्या वजनावर ठरतं, किलोमागे साधारण २० मिलिलिटरपर्यंत. म्हणून अनेकदा बाळ दहा किलोच्या आसपास होईपर्यंत थांबतात. नंतर काही दिवस दुखतं, रक्त थोडं कमी होतं, फार लहान मुलाला क्वचित रक्त द्यावंही लागतं. काही आठवड्यांत मॅरो भरून येतो. गंभीर गुंतागुंत विरळा, पण शून्य नाही. थोरल्यासाठी घाई असली तरी धाकट्याच्या वजनाबाबत तडजोड करू नये.

उरलेल्या भ्रूणांचं काय होतं?

काही गोठवून ठेवतात, आजार असलेले बहुधा नष्ट होतात. अवघड जागा आहे ती निरोगी पण न जुळणाऱ्या भ्रूणांची. त्यांच्यात दोष काहीच नाही, फक्त ते थोरल्याच्या उपयोगाचे नाहीत. भ्रूणाला पूर्ण माणूस मानणाऱ्यांसाठी संपूर्ण प्रक्रियाच अमान्य ठरते. त्या श्रद्धेशी वाद घालायची मला गरज वाटत नाही. मी भ्रूणाला माणूस मानत नाही, पण क्षुल्लकही मानत नाही. निरोगी, न जुळणारे भ्रूण पुढच्या गर्भधारणेसाठी गोठवून ठेवायची तयारी आहे का, हे जोडप्याने फेरी सुरू व्हायच्या आधी एकमेकांना विचारावं. 'साधन'च्या प्रश्नातलं 'हे बाळ तुम्हाला हवं आहे का' इथे पुन्हा समोर येतं.

आयव्हीएफ नको. नैसर्गिक गर्भधारणा करून गर्भातच मॅचिंग तपासलं तर?

आजारासाठी गर्भाची तपासणी करता येते आणि थॅलेसेमियासारख्या गंभीर आजारात अनेक जोडपी ती करतात. पण निरोगी गर्भ केवळ जुळत नाही म्हणून पाडायचा, मग पुन्हा प्रयत्न करायचा, पुन्हा पाडायचा, हा मार्ग मला चूक वाटतो. चारात तीन वेळा मॅचिंग नसणार, म्हणजे हे एकदाच घडेल असंही नाही. शिवाय या मार्गात सगळी किंमत आईचं शरीर आणि मन मोजतं.

तपासणी न करता, जे होईल ते आपलं, अशा तयारीने नैसर्गिक मार्गाने मूल होऊ देणारेही असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. फक्त त्यांनी आजारासाठीची तपासणी टाळू नये.

आज मॅरो, उद्या किडनी मागितली तर?

इथे रेघ ओढलेली आहे आणि ती राहिली पाहिजे. मॅरो भरून येतो, किडनी येत नाही. ब्रिटनने २००८ च्या कायद्यात भ्रूणाच्या मॅचिंगला परवानगी देतानाच लिहून ठेवलं की ती नाळेतलं रक्त, मॅरो किंवा इतर ऊतकांसाठी आहे, अख्ख्या अवयवासाठी नाही. जिवंत अल्पवयीन मुलाच्या शरीरातून प्रत्यारोपणासाठी काहीही काढू नये, देशाच्या कायद्यातले मोजके अपवाद सोडून, असं जागतिक आरोग्य संघटनेचं तत्त्वही सांगतं. मॅरो अशाच अपवादांत बसतो. पुढे कधी थोरल्याची किडनी खराब झाली आणि नजरा धाकट्याकडे वळल्या, तर घरातल्या कुणीतरी हा विषय तिथल्या तिथे बंद करावा.

ही 'डिझायनर बेबी'कडे जाणारी घसरण नाही का?

भीती खरी आहे, उदाहरण चुकीचं आहे. एचएलए जुळणारं मूल गोरं, उंच किंवा हुशार असत नाही. त्याला स्वतःला कसलाच जास्तीचा गुण मिळत नाही.

ब्रिटनमधली वाटचाल या बाबतीत उद्बोधक आहे. तिथे आयव्हीएफवर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने २००१ मध्ये थॅलेसेमियाच्या एका प्रकरणात परवानगी दिली. तिथे भ्रूणाची आजारासाठी तपासणी होणारच होती, सोबत मॅचिंग पाहिलं इतकंच. २००२ मध्ये डायमंड-ब्लॅकफॅन अॅनिमियाच्या प्रकरणात मात्र नकार दिला, कारण तिथे भ्रूणासाठी आजाराची तपासणी नव्हती, निव्वळ मॅचिंग होतं. ते कुटुंब अमेरिकेत गेलं आणि २००३ मध्ये त्यांना जुळणारं बाळ झालं. दोन घरांचं दुःख सारखं, दोन्हीकडच्या बाळाचं भवितव्य सारखं, तरी एकाला हो आणि दुसऱ्याला नाही, हे टिकण्यासारखं नव्हतं. २००४ मध्ये संस्थेने धोरण बदललं, २००५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, मॅचिंगला परवानगी देण्याचा तिचा अधिकार मान्य केला आणि २००८ मध्ये संसदेने अटींसह कायदा केला. दरवेळी वाद झाला आणि दरवेळी रेघ कुठे आहे हे लिहून ठेवलं गेलं. घसरण याला म्हणत नाहीत.

देशोदेशींचे कायदे वेगवेगळे आहेत. भारताच्या २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्यात भ्रूणाची जनुकीय तपासणी माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठी सांगितली आहे आणि लिंग निवडीला सक्त बंदी आहे. तेव्हा पुढे जाण्यापूर्वी नोंदणीकृत केंद्राकडून लेखी माहिती घ्यावी.

दुसरे उपाय असताना हा मार्ग का?

हा प्रश्न पहिला विचारायला हवा, आणि तो फार उशिरा विचारला जातो. डोनर नोंदणी संस्थांमधून जुळणारा अनोळखी डोनर मिळतो का ते पाहावं. आईचा किंवा वडिलांचा अर्धा जुळणारा मॅरोही आता वापरतात आणि त्याचे निकाल पूर्वीपेक्षा बरेच सुधारले आहेत. जनुक उपचारही आले आहेत. सिकल सेल आणि बीटा थॅलेसेमियासाठी जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये, बारा वर्षांवरील रुग्णांसाठी, मान्यता दिली. आज हे उपचार फार महाग आहेत आणि मोजक्या ठिकाणी मिळतात. पण जे जोडपं आज आयव्हीएफ, गर्भारपण आणि बाळाचं वजन वाढणं धरून दोन-तीन वर्षांचा बेत आखतं, त्याने त्या दोन-तीन वर्षांत आणखी काय बदलेल हेही डॉक्टरांना विचारावं.

प्रत्यारोपण फसलं तर धाकट्याचं काय?

ही चर्चा आधी कुणालाच नको असते. थोरलं गेलं तर घर दुःखात बुडतं आणि ज्याच्याकडून आशा होती ते मूल समोर रांगत असतं. त्याला पाहून कुणाला माया दाटून येते, कुणाला पाहवत नाही. दोन्ही माणसाचंच आहे. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच समुपदेशकाशी बोलताना हा दिवसही बोलून घ्यावा. आणि मॅरो दिलेल्या मुलाला, ते कितीही लहान असो, पुढे समज आली की सांगावं की तुझ्या पेशी कमी पडल्या नाहीत, आजार भारी पडला. लहान मुलं दोष स्वतःकडे ओढून घेतात, न बोलता.

धाकट्याला हे कधी आणि कसं सांगावं?

लवकर सांगावं आणि तुम्हीच सांगावं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर ते गुपित वाटतं, आणि गुपितात मुलं लाज शोधतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं : "ताईचं रक्त नीट तयार होत नव्हतं. तुझ्यातलं थोडं तिला दिलं आणि ती बरी झाली. तू आम्हाला हवा होतास." यातलं शेवटचं वाक्य गाळू नये. दहा-बारा वर्षांचं झालं की भ्रूण निवडल्याचंही सांगावं. "मी जुळलो नसतो तर?" हा प्रश्न येईल. त्याला खोटं उत्तर देऊ नये. "तर तू झाला नसतास, आणि आम्हाला कधी कळलंही नसतं की आपल्याकडे कोण यायचं राहिलं" हे खरं आहे आणि सांगता येण्यासारखं आहे.

नातेवाइकांना मात्र एक वाक्य कायमचं बंद करायला सांगावं : "तू तर ताईला वाचवायलाच जन्मलास!" कौतुकानेच म्हणतात. पण त्या मुलाला चित्रं काढायची असतात, पोहायला शिकायचं असतं, ताईशी भांडायचं असतं. आणि थोरलीलाही हे वाक्य टोचतं. ती आयुष्यभर उपकाराखाली राहिली तर तिला भावावर कधी मनसोक्त चिडता येणार नाही. दोघं खेळण्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत असतील तर मध्ये पडून "अरे, त्याने तुला जीव दिलाय" असं म्हणू नये. त्यांना भांडू द्यावं.